सरासरीत न सापडलेली वाळू

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार, चार वर्षांपूर्वीचा. आकडा ऐंशी सेंटिमीटर. हजर माणसं तीन: मी, माझी बायको उज्ज्वला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर आमचे साहेब, सामंत सर. जागा आमच्या वसईच्या घरातलं जेवणाचं टेबल. त्याच्या एका बाजूला माझा लॅपटॉप असायचा, दुसऱ्या बाजूला तिचा, आणि मधे लोणच्याची बरणी.

ऐंशी सेंटिमीटर हा आकडा माझा होता. गुजरातेतल्या एका तेलविहिरीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, सव्वीस मीटर जाडीचा एक पट्टा लागला होता. त्यात तेल धरणारी वाळू किती, एवढंच आम्हाला सांगायचं होतं. मी म्हटलं, ऐंशी सेंटिमीटर. उज्ज्वला म्हणाली, सहा मीटर चाळीस.

सामंत सरांनी दोन्ही आकडे लिहून घेतले. मग म्हणाले, "तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?"

"हो सर," उज्ज्वला म्हणाली. "पण हा रेघा बघतो आणि मी भिंत बघते."

यंदाचा ऑक्टोबर सुरू झाल्यापासून मला तो शनिवार रोज थोडाथोडा आठवतो आहे. आमच्याकडे हा महिना मे महिन्यापेक्षा वाईट. पावसाने नुकतीच सोडलेली जमीन वाफ टाकत असते. वारा नेमका जेवणाच्या वेळी पडतो, आणि संध्याकाळी परत सुटला की अर्नाळ्याच्या बाजूने वाळत्या बोंबलांचा वास घेऊन येतो. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या राहिलेल्या असतात आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. नव्याने राहायला आलेली मंडळी या दिवसांत खिडक्या लावून घेतात. आम्ही उघडतो. विहिरींची कामंही याच सुमाराला जोर धरतात. पावसात अडलेले रस्ते सुटतात, यंत्रं हलतात, आणि चकलीच्या भाजणीबरोबर आमच्या घरात नवे लॉग येऊ लागतात.

माझं काम सांगायला सोपं आहे. विहीर खणून झाली की तिच्यात तारेने उपकरणं सोडतात. ती वर ओढून आणताना खडकाची मोजमापं होतात: किरणोत्सर्ग किती, घनता किती, विजेला अडथळा किती. कागदावर त्यांच्या रेघा उमटतात, त्यालाच आम्ही लॉग म्हणतो. चिखलाच्या खडकातून वीज सहज जाते, तेल भरलेल्या वाळूतून जात नाही. अडथळ्याची रेघ उजवीकडे सरकली की तेलाची आशा. वीसेक वर्षं मी या रेघा वाचत आलो आहे आणि माझे आकडे फारसे कधी बदलावे लागलेले नाहीत.

अडचण एवढीच, की माझं उपकरण साधारण साठ सेंटिमीटरचा एक घास घेतं आणि त्या अख्ख्या घासाची चव एकच सांगतं. वाळूचा थर तीन सेंटिमीटर, त्यावर चिखल चार, पुन्हा वाळू दोन, असा मामला असेल तर माझ्या हाती येते ती सरासरी. त्यातही वीज सोपी वाट धरते, चिखलातून निघून जाते, आणि वाळू जणू नव्हतीच असं होतं. आमच्या शेजारच्या घरात ऐंशी वर्षांचे आजोबा आणि त्यांची चार वर्षांची नात, अशी दोघंच दिवसभर असतात. सरासरी वय बेचाळीस. बेचाळीस वर्षांचं त्या घरात दिवसा कोणी नसतं. मला मात्र तेच दिसतं.

उज्ज्वलाचं उपकरण विहिरीच्या भिंतीला अंग घासत वर येतं. त्याच्या पसरलेल्या हातांवर गाद्या असतात आणि गाद्यांवर बारीक बटणं. प्रत्येक बटण आपल्यासमोरच्या जेमतेम पाच मिलिमीटर भिंतीतून वीज किती जाते ते टिपतं. त्यातून भिंतीचं चित्र तयार होतं, इमेज लॉग. चिखल गडद तपकिरी, तेलाची वाळू पिवळी ते पांढरी. पावडरच्या डब्यावरचं लेबल उभं कापून सपाट पसरावं, तशी गोल विहीर कागदावर पसरलेली असते. थर आडवा असेल तर पट्टा सरळ दिसतो, तिरका असेल तर त्याची लाट होते. काकडीला कागद गुंडाळून ती तिरकी कापली आणि कागद उलगडला, की कडेला तीच लाट मिळते. आमच्या मुलीला, गार्गीला, हे समजावताना मी दोन काकड्या कापल्या. त्यांची उज्ज्वलाने कोशिंबीर केली.

"आईचं काम बघायला तरी मजा येते," गार्गी काकडी खात म्हणाली. "बाबा, तुमचा म्हणजे ईसीजी आहे."

"ईसीजीवर माणसं वाचतात."

"पण कपाटावर कोणी लावत नाही."

कपाटावर उज्ज्वलाची चित्रं लागलेली असायची. लांबच लांब पट्ट्या, वरपासून खालपर्यंत, चिकटपट्टीने. अर्नाळ्याहून सुकी मासळी घेऊन येणारी हिराबाई टोपली टेकवून दारातच बसायची. एकदा पाणी पिता पिता तिची नजर आत गेली.

"वयनी, ते काय लावलंय कपाटाला?"

"विहिरीची भिंत आहे, हिराबाई."

"आनि पानी?"

"पाणी नाही, तेल बघतोय त्यात."

"मंग दादा काय बघतान?"

"दादांचं टेबलावर आहे."

हिराबाईने टेबलावरचा माझा कागद नीट बघितला, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "नुसत्या रेघाच हायत की." मग तिने मला चार बोंबील जास्त दिले. ते मी आजवर विसरलेलो नाही.

मला उज्ज्वलाचा हेवा वाटतो. वाटत होता असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. पहिला लॉग तिला मी वाचायला शिकवला. आमच्या पहिल्या नोकरीत ती माझ्या शेजारी बसायची आणि सहा महिने मला सर म्हणायची. मग तू म्हणू लागली, मग लग्न झालं, आणि माझ्या आईसमोरपुरतं अहो सुरू झालं. तोवर ठीक होतं. पुढे तिला इमेजच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि ती परत आली ती माझी रेघ एका नजरेत संपवून. "हं, हे कळलं," असं म्हणून ती माझा कागद बाजूला ठेवायची आणि स्वतःच्या चित्राकडे वळायची. चित्र वाचताना तिची मान थोडी डावीकडे झुकते आणि खालचा ओठ दाताखाली जातो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती माझ्याकडे अशी बघायची.

माणसाचा हेवा वाटणं समजू शकतं. मला दीड किलोमीटर खोल असलेल्या तीन सेंटिमीटर वाळूचा हेवा वाटत होता.

तर त्या शनिवारी सामंत सरांनी व्यवहार स्पष्ट सांगितला. विहीर ज्यांची होती त्यांचा नियम असा, की वाळू तीन मीटरच्या वर भरली तर पट्टा उघडून तेलाची चाचणी घ्यायची, खाली असली तर सिमेंट भरून कायमचा बंद करायचा. माझ्या आकड्याने सिमेंट, तिच्या आकड्याने चाचणी.

"मॅडम, एक गोष्ट आधीच बोलून ठेवतो," सर म्हणाले. "तुमच्या शब्दावर चाचणी लावली आणि कोरडी गेली, तर इमेजचं टेबल मला चालवता येणार नाही. गेल्या दोन विहिरी कोरड्या निघाल्यापासून वरून विचारणा आहेच. ते काम बाहेर जाईल. तुम्हाला परत रेघांवर यावं लागेल."

"म्हणजे याच्या हाताखाली?"

"हो, तसंच."

"मग चाचणी निघू दे बाई चांगली," ती हसून म्हणाली. पण लॅपटॉप मिटल्यावर ती बराच वेळ कपाटासमोर उभी होती, आणि हसत नव्हती. दहा वर्षं खपून तिने ते टेबल उभं केलं होतं. सरांनी सोमवारपर्यंत दोघांनी मिळून एकच आकडा मागितला होता.

रविवारी सकाळी मी सुरुवात केली. "पांढरं दिसतं ते सगळं तेल नसतं. चुन्याने घट्ट झालेला दगडही वीज अडवतो."

"माहितेय. तसले तीन पट्टे आहेत. तुझ्याच घनतेच्या रेघेवरून काढून टाकलेत."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं. तू पोहे खात होतास, मान हलवलीस."

मग ती पिशवी घेऊन भाजीला गेली. रविवारी वसई गावातल्या बायका वाडीतली भाजी घेऊन बसतात, अळू, लाल माठ, वेलची केळी, आणि उज्ज्वला प्रत्येकीशी बोलल्याशिवाय परतत नाही. मी तिच्या खुर्चीत बसलो. चित्र वरून खाली सरकवत नेलं. प्रत्येक पिवळ्या पट्टीला तिने दोन बारीक रेषांत धरलं होतं, वरची कड आणि खालची कड. दीडशेच्या वर पट्ट्या. इतकी निगुतीने केलेली मोजणी मी माझ्याच कामातसुद्धा पाहिलेली नव्हती. चूक सापडावी असं मनापासून वाटत असेल तर माणूस फार चांगला वाचतो.

आणि सापडली.

इमेज दोन प्रकारे रंगवता येते. एक सरळ: अख्ख्या विहिरीला एकच रंगपट्टी, म्हणजे पिवळं इथे पिवळं तेच तिथे पिवळं. दुसरी उठाव देऊन: प्रत्येक मीटरभर तुकड्यात जे सगळ्यात उजळ ते पांढरं करायचं आणि जे सगळ्यात गडद ते काळं. उठावाच्या चित्रात थर छान सुटे होतात, ते कुठे झुकलेत हे कळतं, पण मोजणी त्याच्यावर करायची नसते. नुसत्या चिखलातही एक चिखल दुसऱ्यापेक्षा किंचित फिका असतोच, आणि उठाव दिला की तो वाळूसारखा पिवळा होऊन बसतो. खालच्या आठ मीटरमध्ये विहिरीची भिंत ढासळलेली होती, सरळ चित्र सगळंच तपकिरी आलं होतं. थरांचा कल बघायला तिने तेवढ्यापुरता उठाव लावला होता, आणि मोजताना तो काढायचा राहिला होता. ही चूक इमेज वाचणाऱ्याचीच. माझ्या रेघांना ती करताच येत नाही.

मला एवढा आनंद झाला की मी उठून पंखा वाढवला.

ती आली तेव्हा घामाने डबडबली होती. मी पिशवी हातातून घेतली नाही. म्हटलं, "खालचे आठ मीटर उठावावर मोजलेस."

तिने पिशवी खाली ठेवली, चपला न काढता पडद्याकडे आली, वाकून बघितलं. मान डावीकडे. मग म्हणाली, "अरे हो."

मी वाट बघत होतो. माझ्या अंदाजाने यानंतर तिने एकतर मी तिच्या खुर्चीत का बसलो ते विचारायला हवं होतं, नाहीतर माझ्या ऐंशी सेंटिमीटरवर यायला हवं होतं. तिने यातलं काही केलं नाही.

"ऊठ जरा. आणि ते अळू पाण्यात ठेव, माना टाकतंय."

मी अळू पाण्यात ठेवलं. स्वयंपाकघरातून मला तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. ती खालच्या आठ मीटरमधली एकेक रेषा पुसत होती आणि गुणगुणत होती. जेवणं लांबली. गार्गी दोनदा विचारून गेली. शेवटी उज्ज्वला खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "चार मीटर पंधरा. आता कसा घट्ट झाला आकडा. थँक्यू रे. हे बाहेरच्या कोणी काढलं असतं तर मेलेच असते."

माझा आकडा सव्वादोन मीटरने चुकला आहे असं मला कोणी सांगितलं असतं, तर घरात आठवडाभर कोणाला धड जेवता आलं नसतं. मी त्या माणसाचं म्हणणं मान्य केलं असतं, पण आधी त्याची जुनी एखादी चूक शोधून काढली असती. आणि इथे ही बाई कोथिंबीर निवडायला बसली होती. तिच्या डोळ्यांचा हेवा माझ्याकडे जुना होता. त्या दुपारी तिच्या चुकण्याचा हेवा सुरू झाला, आणि हा जास्त बोचतो. डोळे एकवेळ देवाने दिले म्हणता येतं.

सोमवारी सामंत सरांनी एकच प्रश्न विचारला. "तपासलं कोणी?"

"याने," उज्ज्वला म्हणाली. "सव्वादोन मीटर काढून घेतले."

"मग झालं तर. नवऱ्याला शोधून याहून जास्त सापडलं नाही म्हणजे ग्राहकाला काय सापडणार?" पडद्यावर सर मनापासून हसले. आकडा गेला. तीनच्या वर होता.

चाचणीला वेळ लागतो. यंत्र यावं लागतं, नळीला भोकं पाडावी लागतात, मग विहीर काय देते ते बघत बसायचं. मधे दिवाळी झाली. आकाशकंदील आमच्या बाल्कनीत, आणि थोड्याच दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या फ्रान्सिसकाकांच्या दारात नाताळच्या चांदणीच्या कामट्या. ते दिवस आठवले की मला खोबरेल तेलासारखं गोठलेलं काहीतरी आठवतं. घरात सगळं नेहमीसारखं होतं आणि कोणाचाही फोन वाजला की आम्ही दोघंही एकदम बघायचो. माझ्या मनात दोन इच्छा होत्या. उज्ज्वलाला त्रास होऊ नये, आणि तेल लागू नये. दोन्ही एकदम पुऱ्या होण्यासारख्या नव्हत्या, हे मला बेरीज-वजाबाकीइतकं स्पष्ट दिसत होतं, तरी मी दोन्ही बाळगून होतो.

एका रविवारी आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. वाळूत पाण्याची एक घळ पडली होती, गुडघाभर खोल, आणि तिच्या कडेवर थर उघडे पडले होते. वाळूची फिकी रेघ, चिखलाची काळी, पुन्हा वाळू. उज्ज्वला साडी आवरून घळीपाशी उकिडवी बसली.

"हे बघ. भरती येते तेव्हा वाळू टाकते, पाणी स्थिर झालं की वर चिखल बसतो. अगदी अशीच आहे ती खालची."

मी बघितलं. दिसलं. दिसलं याचाच राग आला, कारण तिने बोट ठेवेपर्यंत ती घळ मी ओलांडून पुढे गेलो होतो. गार्गी उंटावर बसणाऱ्यांचे फोटो काढत होती. "आई, इथेपण?" ती ओरडली. "बाबा, तिला उठवा ना, लोक बघतायत." मी उठवलं नाही. मी तिच्या शेजारी उभा राहून एकेक थर मोजत होतो, मनात, आणि माझी बेरीज प्रत्येक वेळी वेगळी येत होती.

फोन आला तेव्हा उज्ज्वला गच्चीवर पापड उलटायला गेली होती. तिचा फोन टेबलावर वाजला. मी उचलला.

"मॅडम आहेत का?" सामंत सर.

"वर गेलीय. मला सांगा ना सर."

"नको नको," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सण होता. "त्यांनाच सांगतो. बोलवा त्यांना."

बस, मला तिथेच कळलं. कोरडी विहीर कोणीही कोणालाही सांगतं. मी गच्चीचे जिने चढलो. वर उन्हात ती वाकून पापड फिरवत होती, डोक्यावर पदर, हाताला पीठ. मी फोन पुढे केला. तिने पिठाचा हात झटकला, फोन खांद्यात धरला. "हं. हं सर. किती?" मग पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. "नुसतं तेल? पाणी नाही?" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला ते पुसता येईना, दोन्ही हातांना पीठ होतं. मी माझ्या रुमालाने पुसलं. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला असं लिहिलं तर सगळ्यांना बरं वाटेल. वाटलाही असेल. पण मला नक्की आठवतं ते हे, की रुमाल धुतलेला होता याचं मला समाधान वाटलं, आणि सरांनी ते मला सांगायला हवं होतं असं वाटत होतं.

त्यानंतरचे ऑक्टोबर वेगळे येतात. कपाट आता मोकळं आहे, चित्रं मोठ्या पडद्यावर असतात. यंदा ती गुजरातेत विहिरीवरच गेली आहे, डोक्याला हेल्मेट घालून फोटो पाठवते. हिराबाई परवा आली तर दारातूनच म्हणाली, "वयनी नाय? मंग कोनाला दावू बोंबील?" मी म्हटलं, मला दाखव. तिने दाखवले, पण भाव वहिनीशीच बोलेन म्हणाली. ग्राहकांकडचे तरुण इंजिनिअर भेटले की आदराने विचारतात, "तुम्ही मॅडमचे मिस्टर ना?" मी हो म्हणतो. मग ते मला तिच्याबद्दल सांगू लागतात.

रोज सकाळी तिची फाइल येते आणि सोबत एक ओळ, "काढ काय काढायचं ते." मी चहा बाजूला ठेवतो, चित्र वरून खाली नेतो, उठाव कुठे राहिलाय का बघतो, चुन्याचे पट्टे घनतेशी लावून बघतो. बहुतेक दिवस काही सापडत नाही. सापडलं की मला दिवसभर बरं वाटतं, आणि दुपारी तिचा फोन येतो, "बरं झालं सांगितलंस," आणि माझं बरं वाटणं तिथेच संपतं. तिची ती गुणगुण फोनवरही ऐकू येते.

त्या चाचणीनंतर पदरात पडलं ते असं. इमेजचा स्वतंत्र विभाग आणि त्याचं प्रमुखपद उज्ज्वलाला. तिच्या प्रत्येक आकड्यावर संशय घेऊन सही करायचं काम, पगारवाढीसकट, मला. सामंत सरांनी त्याला दुसरा वाचक असं नाव दिलं आणि विचारलं, जमेल ना? मी म्हटलं, सराव आहे.